निवळखोलात नारळ फोडतात

मघाशी देवळात दचकलात ना? मी बघितलं. गुरवानं तुमच्या हातात नारळ दिला आणि म्हणाला, "फोडा." तुम्ही वहिनींकडे बघितलंत, वहिनींनी गुरवाकडे बघितलं, आणि मनात म्हणालात, काय हा आडदांड माणूस, देवीपुढे असं बोलतात होय! नारळ वाढवतात, फोडत नाहीत, हे तुम्हाला आईनं शिकवलेलं. बरोबरच शिकवलंय तिनं. तुमच्या घरी तुम्ही खुशाल वाढवा. आमच्या निवळखोलात नारळ फोडतात. दिवासुद्धा इथं कुणी वाढवत नाही, विझवतात. कानाला खडबडीत लागतं, ठाऊक आहे मला. पण त्याला कारण आहे, आणि ते कारण ऐकायचं तर देवळात बसून चालायचं नाही. आगरात चला. पाय बघून टाका, पाट भरलाय.

हा पाट बघा. वरच्या झऱ्यापासून इथवर दोरी धरून काढल्यासारखा सरळ आला की नाही? आणि इथं बघा. चांगला सरळ चाललेला, मध्येच वळसा घेतो आणि पुन्हा सरळ होतो. नवीन माणूस म्हणतो, खणणाऱ्याचा हात चुकला. हात चुकला नाही. त्या वळशात तो खुंट आहे ना, गुडघ्याएवढा, काळा पडलेला, तो फणसाचा. किती वर्षांचा ते विचारू नका, माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि पालवीही फुटत नाही. अहो, हात नका लावू, काच घुसेल! हो, काच. बांगड्यांची. अजून निघते मातीतून. बसा त्या बांधावर, सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे ही. तेव्हाही इथं आगर होतं, माडांचं आणि पोफळींचं, आणि गाव त्याच्यावरच जगायचं. पावसाळाभर बाप्ये आगरात राबायचे आणि नारळी पौर्णिमा झाली की गलबतावर खलाशी म्हणून जायचे. पुढच्या पावसाच्या आत परत. केरू हा त्यातलाच एक. आवडी ही त्याची बायको, खाडीपलीकडची लेक, नुकती लग्न होऊन आलेली. बोलायला फटकळ, म्हणे, पण मनात काही न ठेवणारी.

लग्नाच्या पहिल्याच ज्येष्ठात केरूनं बरका फणस खाऊन त्याची एक आठळी आपल्या वाट्याच्या वाफ्यात पुरली. श्रावणात तो निघाला तेव्हा रोपाला दोन पानं होती. आवडी धक्क्यापर्यंत पोचवायला गेली आणि तिथं तिला रडू आवरेना. तेव्हा केरू तिला म्हणाला, "आवडे, खुळी की काय गो तू? आगरातला फणस हिरवा आहे तोवर मी आहे असं समज. आणि त्याला पहिली कुयरी धरली ना, की तिची भाजी खायला मी घरात हजर." कुयरी म्हणजे कोवळा फणस. आता फणसाला फळ धरायचं म्हणजे आठ-नऊ वर्षं. तिला हसवायला बोलला तो. ती हसलीही म्हणे.

त्या साली पावसाच्या आत बाकीची गलबतं आली, केरूचं आलं नाही. लोक म्हणाले, वाऱ्यानं लांब कुठं लागलं असेल, पुढच्या साली येईल. पुढच्या सालीही आलं नाही. तेव्हापासून आवडी दर पौर्णिमेला सकाळी भाकरी बांधून खाडीच्या धक्क्यावर जाऊन बसायची ती दिवस कलला की परत यायची. येताना आगरात वळून फणसाला पाणी घालायची. कुणी म्हातारी कधी म्हणाली, "अगो, किती वर्षं वाट बघशील?" की ही फणसाकडं हात करायची. "बघा की. हिरवागार आहे."  गावानंही ते मानलं होतं. गाव चांगलं होतं हो. ही वाईट माणसांची गोष्ट नाही. असती तर सांगायला सोपी गेली असती.

सहाव्या वर्षी कार्तिकात वादळ झालं. असं वादळ, की निम्मं आगर आडवं. उरले ते कमरेतून मोडलेले माड, शेंडा उडालेल्या पोफळी, आणि जिकडं बघावं तिकडं खुंट. आवडी धावत आगरात आली तर फणस उभा. चार फांद्या गेल्या होत्या, पण उभा. तिनं त्याला मिठी मारली ती बायकांनी ओढून सोडवली.

लोकांनी खुंटांच्या मधल्या जागेत नवी रोपं लावली. पण कुजक्या खोडात भुंगा होतो. तो रात्रंदिवस वाढला आणि रोपांचे कोंब आतून खाऊन गेला. दुसऱ्या वर्षी लावली, तीही खाल्ली. पोटाचे वांधे झाले. तेव्हा जाणत्यांनी ठरवलं, की जुनं सगळं काढायचं. मोडकी झाडं तोडायची, खुंटाभोवती चर खणायचा, मुळं छाटायची, पहार घालून बुंधा उपटायचा, नाही निघाला तर तूस आणि शेण्या भरून धुमसत ठेवायचा. आगर कोरं करायचं आणि मृगाच्या आत नवी लावण करायची. झऱ्याचा पाटही मधोमध सरळ काढायचा, म्हणजे सगळ्या ओळींना पाणी. आता तो मधोमध कुठून जात होता ते तुम्ही बघताच आहात.

चैत्री पौर्णिमेला दुपारी देवळात गाव जमलं आणि देवीला कौल लावला. देवीनं उजवा दिला, म्हणजे होकार, पण सांगणं घातलं म्हणे, की मोडकं असो, धडकं असो, ज्याचं झाड त्याला तीनदा विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका. इथवर सगळं ठीक होतं. पुढचं जे झालं ते देवीनं सांगितलेलं नव्हतं. ते नारू गुरवाच्या डोक्यातून निघालं.

नारू गुरव भारी मऊ काळजाचा. वेलीवरची काकडी खुडतानाही आधी तिची माफी मागणारा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "लेकरांसारखी वाढवलेली झाडं ही. त्यांच्यासमोर तोड, काप, उपट असलं अभद्र बोलू नका. झाडं ऐकतात. नारळाला आपण वाढव म्हणतो, तसंच झाडाला म्हणा. काढायचं असेल तर म्हणा, वाढवा. ठेवायचं असेल तर म्हणा, राखा." लोकांना ते फार आवडलं. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्या दिवसापासून आगरात वाढवा म्हणजे तोडा असं झालं.

आणि आवडी कुठं होती? पौर्णिमा होती ना हो! धक्क्यावर. तिला सांगायचं राहिलं. कुणाच्या मनात काही नव्हतं. याला वाटलं त्यानं सांगितलं असेल, त्याला वाटलं बायकांनी सांगितलं असेल, आणि बायकांना वाटलं, गावभर झालेली गोष्ट तिच्या कानावर गेल्याशिवाय राहते होय. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं झालं.

झाडं विचारायचं काम बाळकूकडं आलं. बाळकू म्हणजे केरूचा जिवाभावाचा दोस्त. एका खाडीत पोहायला शिकलेले दोघं. केरू गेल्यापासून आवडीच्या घराचं छप्पर शाकारायचं असो की लाकूड फोडायचं असो, बाळकू न बोलावता यायचा. ती त्याला भावजी म्हणायची, तो तिला वैनी. सगळी झाडं विचारून झाली, पण फणसाचं विचारायला त्याचे पाय निघेनात. रोज उद्यावर ढकलायचा. शेवटी पाटाची खणती फणसाच्या दहा हातांवर येऊन थांबली, तेव्हा गेला.

आवडी त्या सकाळी माहेरी निघाली होती, भावाच्या मुलाच्या बारशाला. गाठोडं डोक्यावर होतं. आणि चेहरा असा फुललेला, की बाळकूला कळेना. कारण काय, तर त्या साली फणसाला पहिल्यांदा फळ धरलं होतं. दोन कुयऱ्या. बोटभर. तिनं त्या आदल्या दिवशीच पाहिल्या होत्या आणि रात्रभर तिला झोप नव्हती. पहिल्या कुयरीला येतो म्हणाला होता ना तो.

बाळकू वाटेत आडवा उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "वैनी, फणसाचं काय करू?"

"त्यात काय विचारायचं भावजी? फळ धरलंय त्यानं, बघितलंत ना? आता वाट बघायची संपली माझी. वाढवा."

बाळकूनं मान वर केली. त्यानं काय ऐकलं ते लक्षात घ्या. फळ धरलं, नवरा आला नाही, वाट बघायची संपली, तोडा. त्यानं पुन्हा विचारलं, "वैनी, वाढवू?"

"अहो, वाढवा म्हणते ना!"

देवीचं सांगणं होतं तीनदा विचारायचं.  "वैनी, नक्की? वाढवू मी?" आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आवडीला वाटलं, दोस्ताची आठवण आली याला. तिलाही भरून आलं. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "वाढवा भावजी. तुमच्याच हातानं वाढवा. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका." आणि ती होडीकडं गेली.

तीन दिवस ती माहेरी राहिली. भावानं कासार बोलावून तिला नवा हिरवा चुडा भरला. "येणार हो तुझे दाजी," असं भावाला म्हणाली म्हणे. चौथ्या दिवशी सकाळी ती खाडी उतरली आणि सवयीनं आधी आगरात वळली.

लांबूनच तिला दिसलं, की जिथं झाड असायचं तिथं आभाळ आहे. तिला वाटलं, वाट चुकले. आगर इतकं कोरं झालं होतं, की चुकायलाही होतंच. मग तिला खुंट दिसला. ताजा, पिवळाधमक, कडेनं चीक गळत असलेला. त्याच्याभोवती चर खणून झाला होता आणि मुळं छाटायला माणसं पहारी घेऊन उभी होती. बाळकू खाली बसला होता. त्यानं त्या दोन कुयऱ्या पानात बांधून बाजूला ठेवल्या होत्या, तिला द्यायला.

ती काही ओरडली नाही. फक्त म्हणाली, "कुणी?"

बाळकू उठला. "मीच, वैनी. दुसऱ्याला हात लावू दिला नाही. तुम्ही सांगितलंत तसं."

"मी सांगितलं?"

"तीनदा विचारलं वैनी. तीनदा तुम्ही म्हणालात, वाढवा."

"वाढवा म्हटलं मी!" आवडी म्हणाली. "वाढवा म्हटलं हो भावजी!"

आणि तेव्हा बाळकूला कळलं. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांनाच एकदम कळलं.  नारू गुरव पुढं झाला आणि हात जोडून देवळातलं सगळं तिला सांगू लागला, पण त्याचंच त्याला ऐकवेना, मध्येच थांबला. आवडी चरात उतरली आणि खुंटाला पाठ लावून बसली. "आता हा काढायचा असेल तर मला काढा आधी," एवढंच म्हणाली. माणसं पहारी खांद्यावर टाकून निघून गेली. त्या कुयऱ्या तिथंच सुकल्या. इतक्या कोवळ्या होत्या, की आत आठळीही धरली नव्हती. म्हणून त्या फणसाचं बी उरलं नाही.

आठ दिवस गेले. मृग जवळ आला. मग चार जाणत्या बायका आणि नारू गुरव तिच्या दारात आले. त्यांचाही नाइलाज होता. फणस हिरवा आहे तोवर केरू आहे, असं तीच नऊ वर्षं गावाला सांगत आलेली. फणस गेला म्हणजे केरू गेला, आणि त्याचं सुतक धरल्याशिवाय नवी लावण करायची कशी? त्यातली थोरली बाई खालच्या आवाजात म्हणाली, "आवडे, काय करणार गो बाय. आता बांगड्या वाढव."

आवडीनं तिच्याकडं बघितलं. "काय म्हणालात?"

"बांगड्या वाढव."

"बरं," आवडी म्हणाली. "तुमचं ऐकते."

दुसऱ्या दिवशी कासार गावात आला होता. तिनं त्याला ओटीवर बसवलं आणि हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, दोन्ही हातांत. आणि तशीच देवळासमोर गेली. "वाढव म्हणालात, वाढवल्या," ती म्हणाली. "मी म्हणाले तेव्हा तुम्ही तुमचा अर्थ घेतलात. तुम्ही म्हणालात तेव्हा मी माझा घेतला. फिटंफाट."  शब्द त्यांचाच होता.

सुतक धरलं नाही. लावण झाली. खुंट कुणी काढला नाही. पाट अडला होता तिथून बाळकूनं एकट्यानं तो वळवून घेतला, हा असा. आवडी रोज त्या खुंटावर पाणी घालायची. पालवी फुटेल या आशेनं. फणसाच्या खुंटाला फुटते कधी कधी. याला फुटली नाही. आणि दर वर्षी कासार आला की ती दोन्ही हातांत एकेक बांगडी वाढवायची. हातातल्या त्या ओझ्यानं तिला धड पाणी शेंदता यायचं नाही.

पण खरी दशा बाळकूची झाली. त्यानं मनात घेतलं, की केरू कुठंतरी जिवंत होता आणि आपण त्याला कुऱ्हाडीनं मारला. दोस्ताला. बायको समजावून थकली. त्यानं कुऱ्हाड खाडीत टाकली, मग अन्न टाकलं. बोलणं तर टाकलंच. दिवसभर नव्या पोफळींना पाणी घालत फिरायचा, हाडांचा सापळा झालेला, आणि आवडी दिसली की झाडाआड व्हायचा. ती हाक मारायची, "भावजी, अहो भावजी!" पण तो थांबायचा नाही. तिला त्याचा राग होता का? पहिल्या वर्षी होता म्हणतात. मग राहिला नाही. बघवायचं नाही तिला.

तिसऱ्या वर्षी वैशाखी पौर्णिमेला ती धक्क्यावर बसली होती. एक परकं गलबत पाण्यासाठी लागलं. त्यावरचा म्हातारा तांडेल उतरला आणि त्यानं विचारलं, "निवळखोल हेच का? इथं केरूची आवडी म्हणून कोण?"

तिनं हात वर केला. त्यानं तिच्या हातांकडं बघितलं, कोपरापर्यंत भरलेल्या. त्यानं कमरेची एक लाल चंची काढून तिच्यापुढं धरली. पान-सुपारीची चंची. आवडीनं स्वतः शिवलेली, लग्नाच्या वर्षी. टाके ओळखले तिनं. तांडेल म्हणाला, "पोरी, आम्ही फार दूरच्या किनाऱ्याला लागलो होतो. तिथून सुटायला माझी इतकी वर्षं गेली. तुझा नवरा तापानं गेला. माझ्या मांडीवर गेला. पहिल्याच साली, दिवाळीच्या आधी."

पहिल्याच साली. म्हणजे फणसाला चार पानं आली असतील नसतील तेव्हा. पुढं आठ वर्षं तो हिरवागार वाढत राहिला आणि केरू नव्हता. ती ज्याला पाणी घालत होती, ज्याला मिठी मारत होती, ते नुसतं एक झाड होतं.

तांडेल पाणी भरून निघून गेला. त्यानं दुसऱ्या कुणाला काही सांगितलं नाही. धक्क्यावर आवडी एकटी, आणि हातात चंची. माझी आजी गोष्ट सांगताना इथं हमखास थांबायची आणि पदर डोळ्यांना लावायची. कारण बघा, आवडीनं ती चंची पाण्यात टाकली असती तर कुणाला कळलं असतं? हातातला चुडा हातात राहिला असता. ती मरेपर्यंत सवाशीण राहिली असती, आणि केरू कुठंतरी असता. एवढंच तर हवं होतं तिला. पण इकडं बाळकू झिजून झिजून मरत होता, एका अशा पापापायी, जे त्यानं केलंच नव्हतं. हे आता जगात फक्त तिला ठाऊक होतं. असं सांगतात, दुपार टळेपर्यंत ती तिथंच बसून होती. भाकरी सोडलीसुद्धा नाही. मग उठली.

आगरात आली तेव्हा उन्हं कलली होती, आत्ता आहेत तशीच. माणसं शिंपणं करत होती. बाळकू तिला बघून झाडाआड जाऊ लागला. ती ओरडली, "भावजी, थांबा! तुम्हाला त्यांची शपथ आहे." तो थांबला. तिनं ती चंची त्याच्या हातावर ठेवली. दोस्ताची वस्तू, त्यानंही ओळखली.

"तुमच्या हातून नाही गेले ते," आवडी म्हणाली. "पहिल्याच साली गेले. तुम्ही तोडलात तो फणस. नुसता फणस, भावजी. त्यात कुणी नव्हतं."

बाळकू मटकन खाली बसला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडला. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. त्याचं रडणं थांबल्यावर ती उठून खुंटापाशी आली.

तोवर गाव जमलं होतं. नारू गुरवही आला होता, आता बराच म्हातारा झालेला. आवडी खुंटाशी गुडघे टेकून बसली आणि तिनं दोन्ही हात वर उचलले. नारूला राहवलं नाही. सवयीनं, मायेनं, त्याच्या तोंडून निघालं, "वाढव, माझ्या लेकी. वाढव."

"नाही नारूकाका," ती म्हणाली. "यात वाढत काही नाही. मी फोडते आहे. बघा सगळ्यांनी. फोडते आहे मी."

आणि तिनं हात खुंटावर आपटले. एकदा, दोनदा, कितीदा तरी. चुडा दाट होता, एका दणक्यात फुटला नाही. दर खेपेला ती मोठ्यानं म्हणायची, "फोडते." हात रक्तबंबाळ झाले, पण कुणी पुढं झालं नाही. शेवटची बांगडी फुटली तेव्हा ती त्या खुंटावर डोकं टेकून रडली. नऊ आणि तीन बारा वर्षांचं रडणं ते. बाळकूची बायको तिला घरी घेऊन गेली.

नारू गुरव दुसऱ्या दिवशी देवळात गेला. कुणीतरी नारळ आणला होता. नारूनं तो त्याच्या हातात दिला, आणि वाढव म्हणायला गेला तर जीभ उचलेना.  मग म्हणाला, "फोड, बाबा." तेव्हापासून हे असं आहे.

आवडी पुढं पुष्कळ वर्षं जगली. पाटाच्या वळशाला लागून ज्या पोफळी आहेत त्या ओळीची पहिली लावण तिच्या हातची, असं म्हणतात. पहिल्या सुपारीचं खांड तिनं बाळकूच्या हातावर ठेवलं, आणि त्यानं खाल्लं. पालवीची वाट मात्र पुन्हा कुणी बघितली नाही.

आजही निवळखोलात झाड काढायचं असलं, मग ते वाळकं का असेना, की आधी मालकाला विचारायला जातात. "तोडू की राखू?" असं तीनदा. मालकानं तोंडानं, सरळ, तोड म्हणायला हवं. नुसती मान हलवून चालत नाही, काढा, बघा, करा काय ते, असलं चालत नाही. पुष्कळांची जीभ ऐनवेळी अडते. पणजोबानं लावलेल्या आंब्याला तोड म्हणणं सोपं नसतं हो. तिसऱ्यांदा विचारल्यावर कितीक जण म्हणतात, राहू दे. आणि बाई विधवा झाली तर तिला बांगड्यांचं कुणी काही सांगायला जात नाही. ठेवायच्या तर तिनं ठेवाव्या, फोडायच्या तर इथं येऊन तिनंच फोडाव्या. ही काच एकट्या आवडीची नाही.

विचारायला जायचा मान अजून बाळकूच्याच घराकडं आहे. मान कसला, आम्हालाच ठाऊक. परवाच गेलो होतो. माझ्या थोरल्या भावाच्या परसातला फणस, त्याच्या गेलेल्या पोरानं लावलेला, मुळाशी पोखरलाय, घरावर यायला टेकलाय. "दादा, तोडू की राखू?" म्हटलं. दोनदा काही बोललाच नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "तोड." आणि माझ्या दंडावर हात ठेवला.

उद्या सकाळी तोडायचा आहे. चला, उठा आता, दिवस कलला.